तीन डेसिबल कोणी सोसायचे

दर गुरुवारी संध्याकाळी गंगाधर होटगीकर धुतलेला सदरा घालून गॅलरीत बसत. गुडघे गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून उतरून दत्तमंदिरात जाणं जमत नव्हतं. पण मंदिराला कर्णा होता, आणि कर्ण्यातून बुवांचं कीर्तन घरी यायचं. पूर्वरंग संपला की खाली देवळात सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागे. वर गंगाधरराव स्वतःच स्वतःला लावून घेत. खरं तर बुक्का दुसऱ्याच्या हातानं लागावा. तो हात, पत्नी रुक्मिणीबाईंचा, दोन वर्षांमागे गेला. आता आठवडाभरात घरात आपलेपणानं बोलणारा आवाज एकच, बुवांचा. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून निघून जायचा.

तंत्रनिकेतनात त्यांनी जन्मभर एकच विषय शिकवला, मोजणं. म्हणूनच कर्ण्याचा आवाज बांधून ठेवणाऱ्या पेटीचं मानक लिहायला जी समिती बसली, तिच्यात त्यांना घेतलं होतं. पेटी कशी बसवायची, कशी तपासायची, कधी पास म्हणायची, हे सगळं त्या मानकात ठरायचं. मसुद्यातलं मुख्य वाक्य सोपं होतं. कर्ण्याजवळच्या घराच्या खिडकीत मीटर लावावं; आकडा पंचावन्न डेसिबल किंवा कमी आला की पेटी पास.

गंगाधररावांना त्या वाक्यातली खोच पहिल्याच वाचनात दिसली होती. मीटरचा स्वतःचा फरक, वारा, भिंतीवरून परतणारा आवाज, असं सगळं धरलं तर आकडा तीन डेसिबल इकडे किंवा तिकडे असू शकतो. मीटर पंचावन्न म्हणेल आणि खिडकीत खरे अठ्ठावन्न असतील. या तीनचं काय करायचं, यावर मसुदा गप्प होता. गंगाधररावही गप्प राहिले. कारण साधं होतं. त्यांची गॅलरी रस्त्याच्या अंगाला, रिक्षा-बसच्या गोंगाटात. तिथं बुवांचे शब्द आधीच विरळ पोचत होते. त्यातून तीन डेसिबल काढले तर शब्द जाऊन नुसता नाद उरला असता.

बैठकीच्या चार दिवस आधी शेजारच्या सुंदरम्मानं दार वाजवलं. टॉवेलच्या कारखान्यात शिवणाला जाणारी बाई. तिची खिडकी बरोबर कर्ण्यासमोर.

"काका, तुमच्याकडे आवाज मोजायचं मशीन आहे म्हणतात. आमच्याकडे येता का जरा?"

"काय झालं गं?"

"ह्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झाल्यापासून आवाज सोसत नाही. कानावर उशी दाबून बसतात. देवाचं आहे, मी कशी बोलू? पण मंदिरवाले म्हणतात नियमात आहे. आहे का, ते तरी कळू दे."

गुरुवार होता. गंगाधरराव भिंत धरत तिच्या खोलीत गेले. पलंगावर तिचा नवरा खरोखरच उशी दाबून, भिंतीकडे तोंड करून पडला होता. बुवा रंगात आले होते. इथं त्यांचा श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. गंगाधररावांना क्षणभर तिचा हेवा वाटला आणि लगेच त्या हेव्याची लाज वाटली. त्यांनी तीनदा मोजलं. चोपन्न. सत्तावन्न. पंचावन्न.

"मग? जास्त की कमी?"

"नक्की सांगता येत नाही, सुंदरम्मा."

"अय्यो! एवढं शिकवलं तुम्ही पोरांना, आणि तुम्हालाच सांगता येत नाही?" ती चिडलीच. "मग मंदिरवाल्यांना कसं सांगता आलं? नियमात आहे म्हणून?"

गंगाधररावांनी मीटर बंद केलं. चहा न घेता ते परतले.

सोमवारी समितीची बैठक संगणकाच्या पडद्यावर भरली. दोघांचे चेहरे दिसत होते, बाकी काळे चौकोन आणि त्यांवर नावं. समितीची रीत अशी, की मौन म्हणजे संमती. अध्यक्षबाई एकेक कलम वाचत आणि विचारत, "हरकत?" कोणी बोललं नाही की कलम मंजूर. पंचावन्नच्या कलमाची पाळी आली.

"हरकत?"

नुसतं बसून राहायचं होतं. गंगाधररावांनी माइक चालू केला.

"आहे. मोजलेला आकडा अधिक मोजण्यातला संशय, ही बेरीज पंचावन्नच्या आत हवी. म्हणजे मीटरवर बावन्न."

"अहो सर!" पेटी बनवणाऱ्यांच्या वतीनं आलेला अमृत म्हणाला. "बावन्नला बांधली तर गिऱ्हाईक पेटी आणून माझ्या डोक्यात घालेल. तीन डेसिबल काय, वाऱ्यावर जातात."

"वाऱ्यावर जात असतील तर तू सोड की ते. खिडकीतल्या माणसानं का घ्यायचे? कर्ण्याचं बटण त्याच्या हातात नाही."

"तुम्ही तर कीर्तनवाले ना? आपल्याच बुवांचा गळा धरताय होय?"

दोन-तीन काळे चौकोन हसले. गंगाधरराव हसले नाहीत. "बुवांचा नाही," ते म्हणाले.

अध्यक्षबाई मध्ये पडल्या. "शब्द लिहून द्या, होटगीकर सर. मला पटतंय. आणि अमृत, चाचणीची एक पेटी सोलापुरात सरांच्या मंदिरातच बसवा. बघू काय होतं."

पेटी बसली. मंदिराची व्यवस्था बघणाऱ्या धोंडीरामानं अमृतच्या माणसाबरोबर सुंदरम्माच्या खिडकीत मीटर धरून ती बावन्नला बांधली.

गुरुवार आला. गंगाधरराव सदरा घालून बसले. कीर्तन सुरू झालं होतं, कारण झांज येत होती. बुवांचा आवाजही येत होता, पण भिंतीपलीकडे कोणी बोलत असावं तसा. चढ कळे, उतार कळे. शब्द एकही नाही. खाली हशा पिकला. कशावर, ते गंगाधररावांपर्यंत आलं नाही. शेजारी मात्र सुंदरम्माची कोपऱ्यावरची खिडकी सताड उघडी होती, आणि रहदारी थांबली की आतून तिच्या नवऱ्याचं घोरणं ऐकू येत होतं.

मध्यंतराला फोन वाजला. धोंडीराम.

"सर, ऐकू येतुय का न्हाय तुमाला? मला घोर लागलाय. तुमच्यासाठी जरा काटा वर करतो की. चाचणीच हाय, कोन बगतंय?"

गंगाधररावांनी गॅलरीच्या कठड्याला धरलं. खालून एक बस गेली आणि झांजही ऐकू येईनाशी झाली.

"येतंय की, धोंडीराम," ते म्हणाले. "अगदी शब्द न् शब्द. हात लावू नकोस."

"खरं सांगताय न्हवं?"

"बुवांना नमस्कार सांग."

उत्तररंग सुरू झाला तसे ते हात जोडून ताठ बसले, आणि जिथं आवाज चढला तिथं मान डोलावत राहिले.