सहा हुद्दे पाहिलेली ट्रंक

मित्रांनो, इकडे तिकडे बघू नका, बोलतेय ती पलंगाखालून. मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. कडी मोडलीय, अंगाला पोचे आलेत, आणि खरं सांगायचं तर आता बोलायचाही कंटाळा येतो. पण हे कोणीतरी सांगायला हवं.

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावच्या एका पत्रेवाल्याने १९१२ साली मला ठोकून घडवलं. नव्यानेच सैन्यात निघालेल्या रॉजर लेथब्रिजसाहेबांनी मला घेतलं आणि झाकणावर पांढऱ्या रंगात लिहून घेतलं, 'लेफ्टनंट लेथब्रिज'. तिथली रीतच तशी. साहेबाला बढती मिळाली की जुना हुद्दा काळ्या रंगाखाली जायचा आणि वर नवा यायचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर हे काम गबिन्सकडे आलं. गबिन्स म्हणजे साहेबांच्या दिमतीला दिलेला शिपाई. दाढीचं पाणी तापवणं, बूट घासणं, कपड्यांवरचा चिखल खरवडणं, चहा करणं, सगळं त्याच्याकडे.

त्या युद्धात वरची माणसं भराभर पडली आणि आमचे साहेब भराभर चढले. आधी कॅप्टन, मग एकदम हंगामी ब्रिगेडियर जनरल. गबिन्सने रंगवताना 'हंगामी' सरळ गाळून टाकलं.

"अरे, हंगामी आहे मी," साहेब म्हणाले.

"जागा पुरली नाही साहेब."

युद्ध संपलं. हंगामी हुद्दा काढून घेतला आणि साहेब खाली मेजरवर आले. गबिन्स गुडघे टेकून माझ्यावर काळ्या रंगाचा हात मारत होता.

"पुढच्या वेळी बारीक अक्षरं काढतो," तो म्हणाला.

"पुढची वेळ येईल असं वाटतं तुला?"

"मला काय कळतंय साहेब? पांढरा रंग मात्र जपून ठेवलाय."

पुढची वेळ यायला पंधरा वर्षं लागली. माल्टा, इजिप्त, परत इंग्लंडमधल्या ओलसर बराकी. साहेबांच्या पत्नी, आमच्या बाईसाहेब, त्याच काळात वारल्या. मग कर्नल, आणि दुसऱ्या युद्धात मेजर जनरल. तेव्हा माझा थाट काय सांगू! दोन शिपाई उचलायला, बँड वाजतोय, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आतून मात्र मी तेव्हाच थकले होते, आणि साहेबही.

निवृत्तीनंतर श्रॉपशरमधल्या छोट्या घरात माझ्यात बटाटे भरले. गबिन्सही तिथेच राहायला आला. दोघं म्हातारे बागेत घेवडा लावायचे आणि दिवसभर त्यावरून वाद घालायचे.

"वाकडी ओळ आहे तुझी."

"तुमच्या दुर्बिणीतून बघा साहेब, सरळ दिसेल."

अशी चौदा वर्षं गेली. मग साहेबांना जिना चढवेना आणि गबिन्सची नजर गेली. साहेबांची मुलगी हिलरी आली आणि तिने सगळं ठरवून टाकलं. साहेबांना अधिकाऱ्यांच्या वृद्धाश्रमात, गबिन्सला शिपायांच्या.

"एकाच ठिकाणी नाही का जमणार?" साहेबांनी विचारलं.

"तिथे फक्त अधिकारी घेतात, बाबा."

"मग मी शिपायांच्यात जातो."

"ते तुम्हाला घेणार नाहीत. काहीतरीच काय!"

साहेबांनी पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. हजारो माणसांना हुकूम देणारा माणूस, त्याचं घरात कोणी ऐकलं नाही. ते दमून खुर्चीत बसले. जाताना फक्त म्हणाले, "ट्रंक गबिन्सला द्या."

म्हणून मी इथे गबिन्सच्या पलंगाखाली आहे, साहेबांपासून तीस मैल लांब. माझ्या झाकणावरचा हुद्दा वाचून खोलीतले म्हातारे गबिन्सला जनरल म्हणून चिडवतात. तो नुसता हसतो. हिलरीने भेट घडवायचं कबूल केलं होतं, पण ते राहूनच गेलं.

गेल्या मार्चमध्ये शेजारच्या पलंगावरच्या माणसाने पेपर वाचून दाखवला. मेजर जनरल लेथब्रिज वारले, गेल्या मंगळवारी दफन झालं. गबिन्सला कळवायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याने मला चाचपडत ओढलं आणि माझ्यावर बसला. मग म्हणाला, "बूट कोणी घासले असतील त्यांचे?"

मित्रांनो, माझा गंज राहू द्या, त्याचं काही नाही. पण घरातल्या थकल्या माणसाला हलवायची वेळ आली, तर त्याला कोणाबरोबर राहायचंय हे आधी विचारा. आणि त्याने सांगितलं, तर ऐका. आमच्या साहेबांनी तीनदा सांगितलं होतं.