टोबायसचे बूट

केंटकीतल्या आमच्या चर्चमध्ये मे महिन्यात पाय धुण्याचा रविवार असे. एकाने कमरेला पंचा बांधून गुडघ्यावर बसायचं आणि दुसऱ्याचे पाय धुवायचे. मनात अढी असेल तर ती आधी सोडायची. गोऱ्यांचं उरकलं की मागच्या बाकांवरच्या आम्हा काळ्यांची पाळी. पाणी कोमट करायचं काम माझं. परमेश्वराला नम्रता आवडते, पण गोऱ्या पायांना गार पाणी सोसत नसे.

मी धाकट्या वॉरन हॉस्किन्सची गुलाम, माझा नवरा टोबायस त्याच्या थोरल्या भावाचा, जोसायाचा. दोन शेतांच्या मध्ये ओढा. मालकाने चिठ्ठी दिली तर शनिवारी टोबायस ओढा ओलांडून यायचा. आमचा संसार तेवढाच.

अठराशे एकसष्ट साली दक्षिणेतली राज्यं देशातून फुटून निघाली आणि या भावांचंही बिनसलं. जोसाया म्हणे, उत्तरेचे लोक आपले गुलाम काढून घेणार, आपणही फुटलं पाहिजे. वॉरन म्हणे, फुटलो तर गुलाम हातचे जातील, देश एक राहिला तरच टिकतील. आम्हाला जखडून कसं ठेवायचं यावरून दोघांनी बोलणं टाकलं. जोसायाने आपली सगळी माणसं घेऊन फुटलेल्या मिसिसिपी राज्यात जायचं ठरवलं.

मी वॉरनला विनवलं, "मालक, टोबायसला तेवढं मागे ठेवायला सांगा ना मोठ्या मालकांना."

"मी बोलतो कुठे त्याच्याशी? रविवारी पाय धुतले की मग सांगेन."

रविवारी टोबायस माझ्या शेजारी येऊन बसला आणि आधीच बूट काढून मोकळा झाला.

"एवढी कसली घाई?"

"पाणी संपेल. माझ्या पायांना दोन घंगाळं लागतात, तूच म्हणतेस."

"दोन कुठली, तीन."

तो खाली मान घालून हसला. मलाही हसू आलं.

वॉरन पंचा बांधून भावापुढे बसला. जोसायाने एकच बूट काढून एक पाय पुढे केला. वॉरनने तो धुतला, पुसला. टोबायसने माझा हात घट्ट धरला. आता दुसरा पाय, मग दोन शब्द, की माझा माणूस माझ्याजवळ राहणार.

वॉरन मायेनेच म्हणाला, "आता कुठं जाऊ नकोस, दादा. केंटकी काही फुटत नाही."

जोसायाने पाय मागे ओढला. "म्हणजे पाय धुता धुता मला हरवायलाच बसलास." हातात बूट घेऊन तो एका अनवाणी पायाने दाराकडे निघाला. "टोबायस, गाडी जुंप."

टोबायस तसाच उठून धावला. त्याचे बूट बाकाखाली राहिले. आम्हाला वर्षाला एकच जोड मिळायचा, तोही नाताळात.

संध्याकाळी मी बूट घेऊन वॉरनपुढे उभी राहिले. "ओढ्यापलीकडे जायला चिठ्ठी द्या, मालक. एवढे देऊन येते."

"त्या माणसाच्या दारात माझ्याकडचं कुणी जाणार नाही." तो रडत होता, भावासाठी.

पहाटे त्यांच्या गाड्या निघाल्या. मला अलीकडून नुसता चाकांचा आवाज आला.

पुढे युद्ध झालं. भाऊ भावापासून तुटला म्हणून पाद्री दर रविवारी गहिवरायचा. मागच्या बाकावर किती जणी एकट्या बसल्यात, ते त्याला कधी दिसलं नाही. मी टोबायसच्या बुटांना चरबी चोळत राहिले. चामडं कडक होऊ द्यायचं नव्हतं.

युद्ध संपलं, आम्ही सुटलो. पुढच्या मे महिन्यात जोसाया परतला. भावांनी एकमेकांचे पाय धुतले, दोन्ही पाय, आणि सगळं चर्च हुंदके देऊन रडलं. मी काखेत बूट घेऊन दाराशी उभी होते. सगळं उरकल्यावर पुढे गेले.

"माझा टोबायस कुठंय?"

जोसायाने जरा आठवून पाहिलं. "तो होय? वाटेत काटा भरला त्याला, पाय चिघळला. चालवेना, म्हणून टेनेसीतच विकला. बूट घालून यायचं तरी कळायला हवं होतं गाढवाला."

वॉरन भावापुढे मोजे धरून उभा होता.

"लवकर घाल, दादा," तो म्हणाला. "पायांना गार लागेल."