आधी शाब्बासकी

कारखान्यात माझ्या पाठीमागे मला ‘हातोडी’ म्हणतात. समोर ‘मॅडम’ म्हणतात, पण तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत हातोडीच दिसते. माझी काही तक्रार नाही, कामच तसं आहे. पोरांच्या हातात जायच्या आधी खेळणं माझ्या हातात येतं. मी ते आपटते, ओढते, पिरगळते, त्याचे हातपाय उपटून बघते. एवढं करून जे शाबूत राहतं ते दुकानात जातं. इतर बायका बाहुली बघून ‘अय्या, किती गोड’ म्हणतात, मी आधी तिच्या कडा चाचपते.

त्या दिवशी टेबलावर जी गाडी होती, ती घरचीच म्हणायची. माझ्या दिराने केलेली. तो आमच्याच कारखान्यात खेळण्यांचे आराखडे करतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे ‘भाऊजी’ वगैरे माझ्या तोंडी कधी बसलंच नाही. घरात सगळे म्हणतात तसं मीही ‘धाकट्या’ म्हणते, आणि तो ‘वहिनी, वहिनी’ करत डोक्यावर बसतो. दिराचं खेळणं वहिनीने तपासू नये, हे मी मालकांना सांगून बघितलं होतं. ते म्हणाले, “तुमच्याइतकं हात धुऊन त्याच्या मागे दुसरं कोण लागणार आहे?”

गाडी लाल, बुटकी, थोडी गुर्मीत उभी असल्यासारखी. टप धरून कंबरेत फिरवली की ती उठून उभी राहते आणि तिचा रोबो होतो. अशी खेळणी मी ढिगाने पाहिली आहेत. बहुतेकांत एक काहीतरी जमतं. गाडी देखणी असेल तर रोबो कुबडा, आणि रोबो रुबाबदार असेल तर गाडी म्हणजे पालथा पडलेला रोबो, चाकं लावलेला. धाकट्याच्या गाडीत दोन्ही खरं होतं. गाडी असताना सांधे कुठे आहेत ते शोधावं लागायचं. रोबो झाला की बॉनेटची छाती व्हायची, चाकं घोट्यांशी जायची, आणि तो कशालाही न टेकता आपल्या पायांवर उभा राहायचा. आणि अर्ध्या वाटेवर आतली स्प्रिंग उरलेलं काम स्वतःच करायची. खटकन! त्या एका आवाजासाठी पोरं जीव टाकतील, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला मनापासून अभिमान वाटला होता, पण मी त्याला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हवेतच गेला असता.

आणि शाब्बासकी होती. गाडी उभी करायच्या आधी तिच्या बॉनेटवर दोनदा थोपटायचं. “आधी शाब्बासकी दे, तरच ती उठते,” असं त्याने माझ्या मुलीला, चिमीला, सांगितलं होतं. न थोपटताही गाडी उठायची, तो नुसता खेळ होता. पण घरभर लागण झाली. नवरा फोनवर बोलता बोलता थोपटायचा, सासूबाई चष्मा शोधता शोधता थोपटायच्या. मग तपासणीच्या खोलीतली माझी माणसं थोपटायला लागली. आम्ही बाहेरची मुलं बोलावून त्यांना खेळायला देतो, तेव्हा मोठ्यांनी एक शब्दही बोलायचा नाही असा नियम आहे. धाकटा बोलला नाही. त्याने फक्त गाडी पुढे करताना दोनदा थोपटली. मुलांनी बघितलं, मुलांनी केलं. काचेपलीकडून मी हसले होते.

आज खरेदीवाल्या बाई आल्या होत्या. त्यांची दुकानं गावोगाव आहेत. त्यांचा होकार आणि माझी सही झाली की लगेच साचा कापायला जाणार होता. साचा पोलादाचा असतो, एकदा कापला की कापला. आणि होकार नाही मिळाला, तर त्यांच्या फळीवर दुसऱ्या कोणाची गाडी बसणार, आणि मालकांनी धाकट्याला तोंडावर सांगितलं होतं की मग आपली खेळणी बस झाली, आपण आपली पूर्वीसारखी बादल्यांची झाकणं करू. झाकणांना आराखडे करणारा लागत नाही. या गाडीपायी त्याने जिवाचं रान केलं होतं. सकाळपासून तो नवा शर्ट घालून एका पायावर उभा होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. मी बाईंसमोर गाडी टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकली, पुन्हा पुन्हा टाकली. एक टवका उडाला नाही. चाकं चिमट्यात धरून ओढली, मान पिरगळली. काही निखळलं नाही. मालक रुमालाने मान पुसत प्रत्येक वेळी ‘बघा’ म्हणत होते, जणू आपटून घेणारे तेच होते.

“मी बघू जरा?” बाई म्हणाल्या.

त्यांनी गाडी उचलली. शाब्बासकी वगैरे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी एका हाताने टप धरला, दुसऱ्या हाताने बॉनेट खालून पकडलं आणि फिरवायला लागल्या. अर्ध्यावर आल्या आणि त्यांचा फोन वाजला. “एक मिनिट,” म्हणत त्यांनी गाडी तशीच मागे फिरवून टेबलावर ठेवली.

पण त्यांचं बोट कुठे होतं ते मला दिसलं होतं. बॉनेट आणि दार यांच्यामध्ये एक फट उघडली होती. आजवर ती माझ्या नजरेला पडलीच नव्हती. आमच्यापैकी कोणाचाही हात त्या वेळी बॉनेटच्या वर असायचा, थोपटून तिथेच थांबलेला.

“चहा घ्या तोवर,” मी म्हणाले, “मी एक शेवटचं मोजमाप करून येते.” गाडी उचलून मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं.

फटी मोजायला आमच्याकडे दोन सळया असतात, एक बारीक, एक जाड. बारीक सळई फटीत गेली, तर जाडही गेली पाहिजे. दोन्ही जात नाहीत तेव्हा बोट शिरत नाही, आणि दोन्ही जातात तेव्हा शिरलेलं बोट सुटतं. बारीक जाते आणि जाड अडते, तिथे पोराचं बोट सापडतं. आम्ही मोजलं होतं, नाही असं नाही. गाडी असताना बारीक सळई जात नव्हती. रोबो असताना दोन्ही जात होत्या. पण मधे? मधे ती गाडीही नसते आणि रोबोही नसतो, आणि त्या क्षणाला कोणी मोजलंच नव्हतं, कारण त्या क्षणाला आम्ही सगळे शाब्बासकी देत होतो.

मी कंबर अर्ध्यात धरून ठेवली. स्प्रिंग हाताला ओढत होती. बारीक सळई गेली. जाड अडली. पुन्हा बघितलं, टेबलाला कोपर टेकवून बघितलं. अडली. मग मी कानावरची पेन्सिल काढून फटीत घातली आणि कंबर सोडली.

खटकन. तोच लाडका आवाज. पेन्सिल बाहेर काढली तर लाकूड दबून फुटलं होतं आणि आतलं शिसं दिसत होतं.

दार उघडून धाकटा आत आला. “वहिनी, बाई विचारतायत. काय राहिलंय आता?”

मी पेन्सिल पुढे धरली. तो म्हणाला नाही, ‘हे काय?’ म्हणून. त्याने फक्त दार मागे लोटून घेतलं, आणि मला त्याच्या उजव्या हाताच्या बोटाचं नख आठवलं. मध्यंतरी ते काळं पडलं होतं. कपाटाच्या दारात सापडलं, असं त्याने सासूबाईंना सांगितलं होतं आणि त्यांनी हळद लावून दिली होती.

“कपाट नव्हतं ते,” मी म्हणाले.

“वहिनी, हळू बोल.”

“तुला माहीत होतं.”

“एकदाच झालं. माझाच हात चुकला होता.” तो भराभर बोलायला लागला. “स्प्रिंग हलकी केली की आवाज जातो, मी करून बघितलंय. मेल्यासारखी उठते ती. आणि फट बुजवायची तर अख्खी कंबर बदलावी लागेल, सगळं पहिल्यापासून. म्हणून शाब्बासकी काढली. हात वर राहतो, बोट जातच नाही. तूच सांग, इतके दिवस कोणाचं सापडलं? आपण पत्रकात चित्र छापू, खोक्यावर छापू...”

“चिमीच्या हातात दिलीस तू ती.”

“तिला आधी शाब्बासकी शिकवली ना! शिकवल्याशिवाय मी तिला हातसुद्धा लावू दिला नाही. शपथ.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एक ठेवून द्यावी असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्याकडे बघवत नव्हतं. नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. चिमीला जपलं होतं त्याने, खरंच जपलं होतं. आणि वरच्या मजल्यावरचं ते शेंबडं पोर चिमीकडे खेळायला येतं, त्याला कोणी शिकवलं होतं? दुकानातून घेऊन जाणाऱ्या कोणाच्या घरी हा काका जाऊन बसणार होता?

“आज सही कर,” तो म्हणाला. “साचा थोडा थांबवतो मी, काहीतरी काढतो मार्ग. आज नाही झालं तर परत नाही होणार, तुला माहीत आहे. वहिनी, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?”

साचा कोणी थांबवत नाही. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी गाडी उचलली आणि बाहेर गेले. तो मागोमाग आला.

बाईंचा चहा संपला होता. मालकांनी सहीची जागा बोट ठेवून दाखवली. “झालं ना मॅडम?”

खरं सांगते, मला तेव्हा सही करावीशी वाटली. पेन हातात होतं. घरी सासूबाईंनी सकाळी त्याच्या पाठीवरून फिरवलेला हात आठवत होता. तोंडाने ‘नापास’ म्हणायला माझी जीभ उचलेना, हातोडी असून. मग मी गाडी धाकट्याच्या हातात दिली.

“एकदा तूच उघडून दाखव,” मी म्हणाले. “बाईंनी धरली होती तशी धरून. शाब्बासकी न देता.”

मालक हसले. “हो हो, दाखव की! बाईंना खटका ऐकव.”

त्याने टप धरला. दुसरा हात बॉनेटकडे गेला, आणि सवयीने वर गेला. तो त्याने खाली आणला. बोटं बॉनेटखाली गेली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही, कशी हलवली नाही ते माझं मला ठाऊक. कंबर थोडी फिरली, फट उघडायला लागली, आणि त्याचं ते एक बोट, नवीन नख आलेलं, आपोआप आखडून मुठीत गेलं.

तो पुन्हा बोट सरळ करायला गेला. झालं नाही. बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, त्यांची नजर त्या बोटावर होती.

त्याने गाडी टेबलावर ठेवली. “नाही उघडत,” तो म्हणाला. “म्हणजे उघडते. मी नाही उघडणार.”

बाई काही वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी पर्स उचलली, गाडी दिसायला फार सुंदर आहे असं म्हणाल्या, आणि गेल्या. मालक त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावले. परत आले तेव्हा त्यांनी आम्हा दोघांकडेही न बघता आतल्या माणसाला हाक मारली आणि झाकणांचे जुने साचे कुठे ठेवलेत ते विचारलं.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. सासूबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं ते जरा जोरातच ठेवलं. नवरा ताटात बघून जेवत राहिला. चिमीने विचारलं, “काका, माझी गाडी?” तर काकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बरोबर वागल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला तर सगळ्यांनी मिळून वाळीत टाकल्यासारखं वाटत होतं.

ताटं उचलून झाली तेव्हा तो बाहेर आला. हातात गाडी होती. पोट उघडून पुन्हा बंद केलेलं, फट बुजवायला कंबरेला मेणासारखं काहीतरी थापलेलं, लाल रंग खरवडलेला. इतकी कुरूप गाडी मी माझ्या टेबलावर ठेवूनसुद्धा घेतली नसती. ती त्याने माझ्यापुढे ठेवली, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

सासूबाई दारातून बघत होत्या. मी टप धरला. दुसऱ्या हाताचं बोट मुद्दाम बॉनेटखाली घालायला गेले, तर माझाही हात आपोआप वर गेला आणि बॉनेटवर थोपटायला लागला.

“वहिनी,” धाकटा म्हणाला, “शाब्बासकी नको.”

मी हात खाली घेतला, बोट आत घातलं आणि कंबर फिरवली.