जुरी दिवसा गोष्ट सांगत नाही

मिशनवाल्यांच्या घरात मी कशी शिरले ते आधी सांगून टाकते, नाहीतर आमचे नातलग म्हणायला मोकळे की शारदाबाई म्हातारपणी बाटली. बाटलेबिटले काही नाही. कंटाळले होते, एवढंच. विमा कंपनीतून रिटायर झाले, नवरा गेला, मुलगा अमेरिकेला. त्यानं मला बेंगळूरच्या टोकाला, व्हाइटफील्डच्या या अकरा मजली खुराड्यात आणून ठेवलं आणि वर म्हणतो, "आई, तुझा टाइमपास होईल." कुणाबरोबर होईल रे? लिफ्टबरोबर?

चौथ्या मजल्यावर प्रणीत आणि नीला राहायचे. इथलेच, कन्नड बोलणारे ख्रिस्ती. प्रणीत सॉफ्टवेअरमध्ये होता. एके दिवशी म्हणे त्याला देवाची हाक आली आणि त्यानं नोकरी सोडली. आता दोघं गडचिरोलीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका खेड्यात जाऊन राहणार होती, देवाचं काम करायला. त्याआधी तिथली भाषा शिकायची आणि जंगलात राहायचा सराव करायचा. सराव कुठं, तर चौथ्या मजल्यावर! बाल्कनीत तीन दगडांची चूल. नळाला चोवीस तास पाणी, पण नीला खालच्या टाकीवरून डोक्यावर घागर घेऊन जिन्यानं वर यायची. लिफ्टला हात लावायचा नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीनं धुराबद्दल तीन नोटिसा काढल्या. मी मात्र रोज त्यांच्याकडे खुर्ची टाकून बघत बसायचे, कारण टीव्हीवर इतकं चांगलं काही लागत नाही.

भाषा शिकवायला त्यांनी त्या खेड्यातूनच एक बाई आणली होती. जुरी तिचं नाव. तिशीतली, काटक, कपाळावर गोंदण. तिच्या भाषेला तिच्या गावात वेगळं नाव नाही, "आमचं बोलणं" म्हणतात. पण आठवडी बाजारात जाऊन जाऊन तिला मराठी येत होती. प्रणीतला मराठी येत नव्हती. मला येते. म्हणजे आमचं घराणं साडेतीनशे वर्षं इकडे आहे, त्यामुळे आमची मराठी ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "तुम्ही नक्की कुठल्या?" जुरी हसली नाही. तिला सगळं समजलं. मग नीला माझ्या दारात आली, "अक्का, स्वल्प मदत करता का?" झाले मी दुभाषी.

पहिले आठ दिवस मजेत गेले. त्यांची शिकायची पद्धत अशी: प्रणीत एक दगड आणि एक काडी घेऊन बसायचा. दगड उचलायचा, जुरी सांगायची, तो लिहून घ्यायचा. दगड काडीवर ठेवायचा, जुरी सांगायची, तो लिहून घ्यायचा. मग काडी दगडावर. सकाळभर हेच. तिसऱ्या दिवशी जुरीनं मला हळूच विचारलं, "बाई, हा माणूस शहाणा आहे ना? की घरच्यांनी असा खेळायला बसवलाय?"

मला हसून हसून ठसका लागला. प्रणीतनं वही सरसावली. "काय म्हणाली, अक्का?"

"तुम्ही फार मेहनती आहात म्हणाली," मी सांगितलं. दुभाष्यानं सगळंच सांगायचं नसतं.

मग गाडं अडलं. दगड-काडी संपली, आता भाषा सलग ऐकायची म्हणून प्रणीतनं टेबलावर रेकॉर्डर ठेवला. "जुरीला म्हणावं, गावाकडची एखादी गोष्ट सांग. कोल्ह्याची, भुताची, कसलीही." त्यांच्या मुख्य ऑफिसचा नियमच होता की सलग गोष्टी रेकॉर्ड करून त्या समजल्याशिवाय कुणाला खेड्यात पाठवायचं नाही. पंधरा दिवस उरले होते.

जुरीनं रेकॉर्डरकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि मान हलवली. "दिवसा गोष्ट सांगत नाही. मामा वाट चुकतो."

माझ्या आईचंही हेच होतं. दुपारी गोष्टीसाठी मागे लागलो की म्हणायची, दिवसा गोष्ट सांगितली तर तुमचा मामा रस्ता चुकेल. आम्हाला गप्प बसवायची युक्ती, दुसरं काय? आमचा मामा चिक्कपेटेतल्या आपल्या दुकानाबाहेर जन्मात कधी पडला नाही, तो कुठला चुकतोय! पण जुरी काही युक्तीबिक्ती करत नव्हती. दुपारी भांडी घासता घासता तिनं मला सांगितलं. तिच्या मुलाचा मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ लालसू, खरंच वाटेवर होता. तीन वर्षांपूर्वी बोअरवेलच्या गाडीवर कामाला म्हणून गावातून निघाला. तिकडची बरीच पोरं अशी जातात. दोन वर्षं त्याचे फोन आले, शेवटचा बेंगळूरहून. मग बंद.

"म्हणून तर मी यांच्याबरोबर आले," जुरी म्हणाली. "शब्द काय, गावात कुणीही सांगितले असते. मला लालसूला घरी न्यायचंय."

रस्त्यावरून बोअरवेलची गाडी धडधडत गेली की ही बाई सगळं टाकून कठड्याकडे का धावते, ते मला तेव्हा कळलं. प्रणीतनं वहीत लिहून ठेवलं होतं, 'यंत्रांची विशेष आवड.' आवड, डोंबल!

मी त्याला लालसूचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नीलानं तर तिथंच डोळे मिटून प्रार्थना केली. पण मग तो म्हणाला, "अक्का, भाऊ हरवलाय ते खरं, पण गोष्टीनं कोणी वाट चुकत नाही. ही अंधश्रद्धा आहे, तिला समजावा ना."

माझं डोकंच फिरलं. "का रे? तुला वरून हाक येते ती चालते, आणि तिच्या भावाची वाट चुकते ती चालत नाही?"

तो लाल झाला. "सरी, अक्का, बरोबर आहे तुमचं," म्हणाला आणि चुलीवर चहा ठेवायला गेला. चांगला मुलगा आहे. मला चांगल्या माणसांवर ओरडायचा कंटाळा येतो, ती उलट बोलत नाहीत.

रात्री सांगायला जुरीची ना नव्हती. पण आमच्या खिडकीसमोर टेक पार्क. तिथले दिवे मालवतच नाहीत. जुरीनं दोन दिवस वाट पाहिली आणि म्हणाली, "तुमच्याकडे रात्र होतच नाही, बाई." मग प्रणीतला कल्पना सुचली: तळघरातलं पार्किंग. जमिनीखालचा दुसरा मजला, सूर्याचा काही संबंध नाही. सतरंजी, रेकॉर्डर, पाण्याची बाटली, डासांची अगरबत्ती असं सगळं घेऊन आम्ही चौघं दोन मोटारींच्या मधे जाऊन बसलो. छान काळोख झाला. जुरीनं घसा खाकरला, हात उचलला आणि फाटकन सगळे दिवे लागले! माणूस हलला की आपोआप लागणारे दिवे. सेक्रेटरीनंच बसवून घेतलेले. न हलता गोष्ट सांग म्हणावं तर ती जुरीला येत नाही, गोष्टीत हात लागतात. तासभर आम्ही पुतळ्यासारखे बसलो. शेवटी कोणीतरी मोटार काढायला आलं आणि आम्हाला बघून किंचाळलं. चौथी नोटीस.

जुरी त्या दिवशी पहिल्यांदा पोट धरून हसली. वर आल्यावर म्हणाली, "लालसू घरी आला ना, की मग या पोराला सांगेन. दिवसा, रात्री, म्हणेल तेव्हा. तो आला की झालं."

"मी शोधते तुझ्या भावाला," मी म्हटलं. बोलून गेले खरी. पण मग मागे लागले. आमच्या सोसायटीची बोअरवेल खणून देणारा शिवाप्पा माझ्या ओळखीचा. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून भंडावून सोडलं. सातव्या दिवशी कंटाळून त्यानं पत्ता दिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या भागात एका बोअरवेलवाल्याचं ऑफिस आहे, त्याच्या गाड्यांवर तिकडचीच पोरं असतात, म्हणाला.

जुरीला घेऊन मी मेट्रोनं गेले. पीण्यात कारखान्यांच्या मधे एक पत्र्याची खोली, बाहेर पाइपांचा ढीग. आत मॅनेजर मोबाइलवर क्रिकेट बघत होता. बसा म्हणाला नाही, मान वर केली नाही. मी कन्नडमधे विचारलं, "लालसू नावाचा पोरगा आहे का तुमच्या गाडीवर? डाव्या भुवईवर खूण आहे. ही त्याची बहीण."

त्यानं मोबाइल पालथा ठेवला. उठला. स्वतःची खुर्ची ओढून जुरीपुढे ठेवली. पाण्याचा ग्लास भरून तिच्या हातात दिला आणि मग माझ्याकडे बघून कन्नडमधे हळू बोलायला लागला. गेल्या वर्षी, पावसाच्या आधी. होसकोटेच्या पुढं काम चालू होतं. ताप आला, गाडीवरच झोपून राहिला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. गावचा पत्ता कुणाकडे नव्हता, त्याच्या मोबाइलचं कुलूप कुणाला उघडता आलं नाही. बरोबरच्या पोरांनीच सगळं उरकलं. "क्षमिसी, अम्मा," तो म्हणाला.

जुरी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दुभाषी. त्यानं बोललेलं मराठीत सांगायचं, एवढंच माझं काम. उभ्या जन्मात माझी जीभ कधी अडखळली नाही, नवऱ्याच्या तेराव्याला मी भटजींशी भांडले आहे. आणि तिथं मला एक शब्द सुचेना. भ्याले मी. सरळ सांगते, भ्याले.

"तमिळनाडूला गेलाय म्हणतो," मी म्हटलं. "दुसऱ्या गाडीवर. लांब आहे. फोन लागत नाही तिकडे."

"बरं," जुरी म्हणाली. ग्लासातलं सगळं पाणी प्यायली. ग्लास मॅनेजरला परत दिला.

मेट्रोत ती खिडकीशी बसली. मॅजेस्टिकला गाडी बदलली. पुन्हा खिडकीशीच बसली. मी मात्र बडबडत होते, तमिळनाडूत काय पिकतं, तिथले लोक किती चांगले, भात कसा मुबलक मिळतो. मला माझाच राग येत होता आणि तोंड थांबत नव्हतं. घरी आल्यावर प्रणीत-नीलालाही तेच तमिळनाडू सांगितलं. नीला म्हणाली, "देवाची कृपा, जिवंत तरी आहे." मी डोकं दुखतंय म्हणून वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खाली गेले. काय करणार होते, देव जाणे. खरं सांगायचं ठरवलं होतं बहुतेक, पण ते मी लिफ्टमधेही ठरवलं होतं आणि लिफ्ट थांबल्यावर पुन्हा नाही असं ठरवलं. दार उघडंच होतं. पडदे सारलेले, टेबलापर्यंत लख्ख ऊन. जुरी न्हाऊन, केस विंचरून टेबलाशी बसली होती. तिनं स्वतःच रेकॉर्डर आपल्यापुढे ओढून घेतला होता. प्रणीत आनंदानं उड्या मारायचा बाकी होता.

"अक्का, सांगते म्हणाली! खुणेनं सांगितलं, मशीन लाव म्हणून! तुम्ही पटवलंत ना काल?"

मी जुरीच्या शेजारी बसले. "जुरी," मी म्हटलं, "अगं, दिवस आहे."

"असू दे, बाई." तिनं पदर नीट खोचला. "आता वाट चुकायला कोण राहिलंय?"

"काय म्हणाली?" प्रणीतनं विचारलं.

"बटण दाब," मी म्हटलं.

ती सांगायला लागली. तिच्या भाषेत, मला एक अक्षर कळत नव्हतं. हात हलत होते, आवाज चढत होता, उतरत होता. पलीकडे नीलानं डोळे मिटून हात जोडले होते. प्रणीत भराभरा लिहीत होता. एक वाक्य झालं आणि जुरी थांबली. माझ्याकडे पाहिलं. पुढं जाईना. प्रणीत घाबरून मशीन तपासायला लागला. मशीनला काही झालं नव्हतं. गोष्ट ऐकताना कुणीतरी हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणाऱ्यानं सांगायचं कुणाला?

"हुं," मी म्हटलं.

तिनं पुढचं वाक्य सांगितलं. मी परत हुं म्हटलं. सव्वा तास ती सांगत होती आणि मी हुं म्हणत होते.