तुसाच्या खड्ड्यावरचा ट्रक

“पोरी, तितं नगं ठिवूस ते धूड. तितं खाली तुसाचा खड्डा हाय.”

शेजारच्या नंदाबाईंनी हे सांगितलं तेव्हा प्रेरणाच्या काखेत दहा महिन्यांची समीक्षा होती, दुसऱ्या हातात दूध उतू गेलेलं पातेलं होतं, आणि समोर क्रेनला लटकलेला एक गंजका हिरवा ट्रक झोके घेत होता. नंदाबाईंचा त्या दिवशीचा हा सातवा इशारा. पोरीला विहिरीकडं नेऊ नकोस, उंबऱ्यावर बसू नकोस, ओल्या केसांनी दारात उभी राहू नकोस, पोरीचे कपडे तिन्हीसांजेला बाहेर ठेवू नकोस, अशा सहा सूचना सकाळपासून झालेल्या होत्या. सातवीपर्यंत पोचता पोचता प्रेरणाच्या कानांनी संप पुकारला होता.

“तुज्या सासऱ्याची भाताची गिरण व्हती तितं,” नंदाबाई सांगतच होत्या. “पवनच्या जल्माच्या आदी. समदं तूस त्या खड्ड्यात जायाचं. वर मुरूम टाकून कोबा केला म्हून कडक दिसतंय, पर आत भुसभुशीतच हाय.”

“हो मावशी, बघते,” प्रेरणा म्हणाली, आणि क्रेनवाल्याला ओरडून सांगितलं, “दादा, घराच्या मागंच ठेवा! दारात अजिबात नको!”

कारण दुसरी जागा दारातच होती. उंबऱ्यासमोर जो काळा कातळ जमिनीबाहेर आलाय, तिथं. नवऱ्याला, पवनला, तीच हवी होती. पण तिथं समीक्षा रांगायची, आणि प्रेरणा मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. गंज लागलेल्या लोखंडावर काय काय राहतं, याची तिच्याजवळ यादीच होती.

ट्रक मागं गेला. त्याची मोठाली चार चाकं कोब्यावर टेकली, काहीसुद्धा झालं नाही, आणि सातवा इशारा पहिल्या सहांच्या मागोमाग विसरला गेला.

या गोष्टीला वर्ष झालं. ट्रक एकोणऐंशी सालचा, सैन्याच्या लिलावातून तीन-चार हात बदलत वडिवळ्याला आलेला. चारही चाकांना जोर असलेली असली गाडी आता बनत नाही, असं पवनचं म्हणणं. पवन वराळ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. आठवडाभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं यंत्र बिघडवायचं, असं प्रेरणा माहेरी सांगायची. सहा महिन्यांत गाडी रस्त्यावर येणार होती. मग लोणावळ्याच्या मागच्या कच्च्या वाटांवर तिघांनी जायचं, समीक्षाला मधे बसवायचं, असा बेत होता. सहाचे बारा झाले. गाडी रस्त्यावर आली नाही, पण घरात मात्र आली. ब्रेकचे नट श्रीखंडाच्या डब्यांत आले. बेअरिंग आकसावं म्हणून फ्रीजरमध्ये मटारांशेजारी झोपलं. एका शनिवारी तर प्रेरणा गॅस पेटवायला गेली तेव्हा इडलीपात्रात कार्बोरेटर बसलेला.

“पवन, हे काय आहे?”

“दोन मिनिटं. उकळला की काढतो.”

त्याच्या सगळ्या गोष्टींना दोन मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात समीक्षा दुधावरून वरणभातावर आली, चालायला लागली, आणि ‘पाना दे’ म्हणायला शिकली. ‘आई’नंतरचा तिचा दुसरा शब्द ‘ग्रीस’ होता. बालवाडीच्या बाईंना याचा अर्थ कसा सांगायचा, या विचारानं प्रेरणाला आत्तापासून घाम फुटायचा.

तरी ती लक्ष ठेवायची. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरलेलं दिसलं की ओतून द्यायची. डब्यातले नट रोज मोजायची, अठ्ठेचाळीस. समीक्षाच्या मुठी उघडून बघायची. ट्रकपासून चार पावलांवर तिनं नायलॉनची दोरी बांधून घेतली होती, आणि तिच्या पलीकडं पोरीनं जायचं नाही असा कायदा होता. पवनसाठी मात्र कायदा केला नव्हता. तो इंजिनियर होता ना.

दिवाळी झाली, भात कापून झाला. त्या आठवड्यात पवननं रजा टाकली आणि ट्रकची पुढची चाकं काढली. पुढचा भार दोन लोखंडी स्टँडवर, प्रत्येक स्टँड वीतभर रुंद, त्याला चार बारीक पाय. मग तीन दिवस नळाला पाइप लावून त्यानं चाळीस वर्षांचा चिखल खालून धुतला. पाणी जिथं जायचं तिथं जात राहिलं. कोब्याला एक चीर होती, ती पाणी पीत होती. ते पाणी कुठं चाललंय, असं प्रेरणाच्या मनात एकदा आलंही. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

चौथ्या दिवशी रविवार. सकाळचे अकरा. पवन ट्रकखाली उताणा, बाहेर फक्त त्याचे पाय आणि त्यातल्या दोन वेगवेगळ्या चपला. प्रेरणा मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. समीक्षा दोरीच्या अलीकडं लाल चेंडूनं खेळत होती. तिनं चेंडू कोब्यावर ठेवला, हात सोडला, आणि चेंडू आपला आपण हळूहळू ट्रककडं निघाला.

प्रेरणानं उठून चेंडू आणला. परत ठेवला. परत निघाला. काल इथंच ठेवलेला हलत नव्हता. आज तो निघायचा, तो थेट डाव्या स्टँडपाशी जाऊन थांबायचा.

तिनं वाकून पाहिलं. स्टँडच्या चार पायांपैकी दोन कोब्यात बोटभर रुतलेले, आणि भोवतीच्या चिरेतून पिवळं-तपकिरी काहीतरी वर आलेलं. तिनं चिमटीत घेतलं. ओलं तूस होतं.

वर्षभर कानात अडकून बसलेलं नंदाबाईंचं वाक्य तेव्हा एकदम आत उतरलं.

“पवन, बाहेर ये.”

“हं.”

“हं नाही. बाहेर ये. स्टँड खचतोय.”

“अगं, पाच टनांचा स्टँड आहे तो. त्याला काय होतंय?”

“स्टँडला नाही, जमिनीला! खाली खड्डा आहे!”

“दोन मिनिटं. हा एक बोल्ट निघाला की आलोच.”

“पवन!”

“प्रेरणा, तू मागच्या रविवारी पण बाहेर काढलंस. का, तर पाल होती म्हणून.”

पाल होती, हे खरं होतं. त्याच्या आदल्या रविवारी तिला पेट्रोलचा वास आला होता, त्याआधी वीज चमकली होती. वर्षभर तिनं इतक्या वेळा हाक मारली होती की तिच्या हाकेचीही आता नंदाबाईंच्या सूचनांसारखी गत झाली होती. आत पान्याची कुरकुर सुरूच होती. प्रत्येक हिसक्याला ट्रक थोडा हलत होता, आणि चिरेतून तुसाचं पाणी बुडबुडत होतं. पाय धरून ओढावं, तर तो लाथ झाडेल आणि स्टँडलाच लागेल.

प्रेरणानं समीक्षाला काखेत उचललं, पडवीत धावली, आणि तिथून सारं वडिवळं ऐकेल अशा आवाजात किंचाळली:

“पवन! समीनं नट गिळला!”

पान्याचा आवाज तुटला. पवन कोपरांवर घसटत बाहेर आला, एक चप्पल आतच राहिली, कपाळ खरवडलं, आणि तो तीन ढांगांत पडवीत. त्यानं पोरीचं तोंड उघडलं, बोट घातलं. आत चुरमुरे होते.

“कुठाय नट?”

“नाही गिळला.”

“म्हणजे?”

“अठ्ठेचाळीस आहेत. मोजून घे.”

पवनचा चेहरा लाल झाला. “प्रेरणा, ही काय चेष्टा आहे का? माझं काळीज—”

तेवढ्यात मागं पापड मोडावा तसा कोबा मोडला. डावा स्टँड कलला आणि गुडघाभर खाली गेला. ट्रकनं मान टाकली. ॲक्सलचा गोळा धपकन जमिनीवर बसला आणि तुसाचं तपकिरी पाणी पडवीपर्यंत उडालं. समीक्षानं टाळ्या वाजवल्या.

पवननं वाकून लांबूनच पाहिलं. जिथं त्याची छाती होती तिथं त्याचा टॉर्च होता, आणि त्याची जाडी आता खारी बिस्किटाएवढी उरली होती.

आवाज ऐकून नंदाबाई पदर खोचत आल्या. खड्डा पाहिला, ट्रक पाहिला, प्रेरणाचं पांढरं पडलेलं तोंड पाहिलं.

“म्या सांगितलं व्हतं कुनाला तरी,” त्या म्हणाल्या. “आता कुनाला, ते काय ध्यानात न्हाई बाबा.”

नंदाबाईंना सत्तर साली कोणाच्या लग्नात भाजी आळणी झाली होती तेही ध्यानात होतं.

“मला सांगितलं होतं,” प्रेरणा म्हणाली. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, पण त्या वेळी तेही राहून गेलं. “तुला सांगायचं राहिलं, पवन. ऐकलंच नव्हतं मी. आणि जागाही मीच दाखवली.”

पवन पायरीवर बसला आणि समीक्षाला मांडीवर घेऊन तिच्या मुठी उघडून बघत राहिला. उजवी, मग डावी, मग परत उजवी.

“तुम्ही दोगं बी भैरेच,” नंदाबाई म्हणाल्या. “चहा ठिव पोरी. साखर जास्त घाल.”

पुढच्या आठवड्यात दोन ट्रॅक्टर लावून ट्रक ओढून काढला. आता तो दारात आहे, कातळावर. उंबरा ओलांडला की बंपर गुडघ्याला लागतो. तुळशीवृंदावन हलवावं लागलं, दोरी हलवावी लागली, आणि पाहुणे आता मागच्या दारानं येतात. स्टँडखाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आहेत, काढलेली चाकं आडवी करून चासीखाली सरकवलेली आहेत, आणि रोज सकाळी नंदाबाई काठीनं कातळ ठोकून बघतात. पवन अजून दोन मिनिटं म्हणतो. प्रेरणा घड्याळ बघते, आणि तिसऱ्या मिनिटाला स्वतः जाऊन वाकते. हाक मारणं तिनं सोडून दिलंय.

आत्ताही त्याचे पाय बाहेर दिसताहेत. म्हणून तिचं तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्याही घरात, नाहीतर शेजारच्या आवारात, कोणीतरी गाडीखाली शिरलेलं असेल आणि “दोन मिनिटं” म्हणालं असेल. हे इथंच ठेवा आणि उठा. लांबून हाक मारू नका, आतून ‘हं’ येईल आणि तुम्ही परत वाचत बसाल. जवळ जा, खाली वाका, गाडी कशावर उभी आहे ते बघा. आणि बाहेर यायला सांगा त्याला. एवढं बघून या.