रेटाकाकांनी सुकाणू सोडलं

फेरीबोटीच्या कप्तानाला सगळे रेटाकाका म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. दुसरे कप्तान धक्क्याला लागले की दोर बांधतात. हा बहाद्दर दोराकडे बघायचाही नाही. शेवटचा माणूस चढेपर्यंत इंजिन चालू ठेवून बोटीचं नाक धक्क्यावर दाबून धरायचा. मध्ये फट म्हणून राहायची नाही.

डिझेलची बोट होती तोवर हे खपलं. धूर भसाभसा निघायचा, पण धुराची पर्वा करतो कोण? मग आली बॅटरीवरची बोट. ना धूर, ना धडधड. आणि चाचणीसाठी आलेल्या इंजिनीअरबाईंनी काकांचा रेटा बरोबर पकडला.

"काका, किती वीज तुम्ही नुसत्या उभ्या उभ्या जाळता! काल शेवटच्या फेरीला बॅटरीनं मान टाकली. आज शेवटची चाचणी. आज दोर बांधा, नाहीतर तुम्हाला तिकीटखिडकीत बसवतील. माझं कोणी ऐकणार नाही."

पोर वाईट नव्हती. सांगताना तिचाच चेहरा पडला होता.

"बसवू दे," काका म्हणाले. "दोर ढिला पडतो, बोट सरकते, फट पडते. त्या फटीत काय जातं ते मी पाहिलंय."

पाहिला होता तो धाकट्या बहिणीचा पाय. ती कॉलेजात असताना, काकांच्याच बोटीवरून उतरताना, फटीत सापडला. तेव्हापासून ती काठी टेकत चालते आणि काका रेटतात. माणूस हट्टी नव्हता हो, घाबरलेला होता.

संध्याकाळी कामावरून सुटून तीच बहीण रोजच्यासारखी धक्क्यावर आली. इंजिनीअरबाईंनी तिच्या कानावर सगळं घातलं. तिनं कठड्यावर काठी आपटली. "दादा, दोर बांध!"

वरच्या केबिनमधून काका ओरडले, "गप्प चढ!"

"नाही चढत, जा! दोर बांधलास तरच पाय टाकीन. नाहीतर बस खिडकीत तिकिटं फाडत!"

मागे रांग खोळंबली. काकांनी कपाळाला हात लावला आणि खलाशाला खूण केली. त्यानं पुढचा, मागचा, दोन्ही दोर खुंट्यांना करकचून आवळले. काकांनी रेटा काढला. पण जिवाला चैन कुठली? सुकाणू सोडून ते धाडधाड जिना उतरले आणि बोटीच्या दारात वाकून बघू लागले. चार बोटं फट होती, पण ती वाढत नव्हती.

बहीण काठावर उभी होती. आत्ता एवढी तडतडत होती, पण पाय पुढे करून परत मागे घेत होती. काकांनी दोन्ही हात पुढे केले. काठी काखेत मारून तिनं ते घट्ट धरले, पाय टाकला आणि आत आली.

"घाबरलीस?"

"रोजच घाबरते."

"रोज? अगं, मी इतका रेटून धरतो..."

"धरतोस रे, पण वर सुकाणूपाशी बसून. मला तू इतकी वर्षं इथं दारात हवा होतास."

काकांना रडू फुटलं. भर गर्दीत, पोरासोरांसमोर.

त्या दिवशी बॅटरी पुरून उरली आणि खिडकी टळली. प्रत्येक धक्क्याला दोर आवळले गेले की काका दारात येत होते, चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला हात देत होते. धडधाकट तरणी पोरं हसत होती, तरी काका त्यांनाही सोडत नव्हते.