भिंतीला काळं

नाथाजीने घराची दक्षिणेकडची भिंत बाहेरून काळी केली, तेव्हा गावाला वाटलं, गडी मिलिटरीतनं आला खरा, पण डोकं तिकडंच विसरून आला. चुलीची काजळी डिंकात कालवून त्याने भिंतीला फासली. वर कामट्यांची चौकट ठोकली आणि खताच्या पोत्यांतलं पातळ प्लॅस्टिक धुऊन त्याचे दोन पदर ताणले, मधे बोटभर जागा सोडून. काच कुणाला परवडते? लेहच्या चौकीत एका साहेबाने शिकवलं होतं, ऊन आत शिरतं, ऊब बाहेर पडत नाही, आणि दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी खोली ऊबदार ठेवते. त्याच्या बायकोला, राहीबाईला, दमा. पाटणच्या थंडीत जीव नकोसा व्हायचा. त्या पौषात ती भिंतीला पाठ लावून बसली आणि न खोकता जेवली.

त्याच घरात राहणारा थोरला भाऊ लालासाहेब मात्र धुमसत होता. त्याच्या लेकीला बघायला कवठे महांकाळचे पाहुणे यायचे होते.

"लगीन ठरायच्या आदीच घराला काळं फासलंस?"

"संक्रांतीला काळं लुगडं चालतंय, मग भिंतीनंच काय घोडं मारलंय, दादा?"

नाथाजी औषध आणायला साताऱ्याला गेला आणि परतला, तर भिंत पांढरीफेक. प्लॅस्टिक उकिरड्यावर, कामट्या चुलीत. ओल्या चुन्याने खोली गारठली होती आणि राहीबाई गुडघ्यांवर ओणवून धापा टाकत होती. नाथाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने कुऱ्हाडच उचलली.

"पावणं जाऊ द्यात," ती कशीबशी म्हणाली. "पोरीचं मोडू नगा."

त्याने कुऱ्हाड ठेवली. राग ठेवता आला नाही. भावाची अब्रू राखायची, तीही हिच्याच श्वासावर!

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे वडील हरिबा चहा संपवून उठले.

"ती काळी भीत कुठं हाय? यष्टीत तुमच्या गावचा माणूस सांगत हुता. आमच्या आईला बी दमा हाय. म्हणलं, पोरगी बघू, पर आदी भीत बघू. आजारी माणसासाठी येवढं करणारं घर सोडायचं न्हाई."

लालासाहेबाची मान खाली गेली.

"हाय की," नाथाजी म्हणाला. "चुन्याखाली हाय. दादानं कालच घराची अब्रू राखली."

आत राहीबाईला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. हरिबांनी भिंतीला हात लावला आणि ती गार लागली म्हणून काढून घेतला.